काचेवर लिहिलेलं ‘आपली’

लातूरला आमच्या घराची पुढची खोली शटरची आहे. तिथं माझं शिलाई मशीन असायचं. शटर अर्धं वर केलं की सकाळचा उजेड थेट सुईवर पडायचा. बायका रस्त्यावरूनच आत यायच्या, ब्लाउजचं माप द्यायच्या, पदरानं वारा घेत घटकाभर बसायच्या. मला चारचौघांत बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. त्या खोलीत बोलायची गरजच नव्हती. बोलायचं काम बायका करायच्या, मी टेप धरून हूं हूं करायची.

ती खोली मी गाडीसाठी सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही, हेही लिहून ठेवते. मी हो म्हणाले होते.

मालक ड्रायव्हर आहेत. आमच्याकडं बाया नवऱ्याला मालक म्हणतात, मीही तेच लिहिते. त्यांची सगळी उमर दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेली. साहेब लोक मागं बसतात, पुढं आपल्या मनाचं गाणंसुद्धा लावता येत नाही, असं ते म्हणायचे. नांदेडला त्यांच्या लहानपणच्या मित्राचं गॅरेज आहे. त्या गॅरेजच्या मागं एका गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, मुलाची लाल स्पोर्ट्स कार पडून होती. दोनच दारं, ठेंगणी, पुढून मगरीच्या तोंडासारखी. मुलगा पुण्याला गेला आणि गाडीवर धूळ साचत राहिली. मालक कधीही नांदेडला गेले की आधी तिला बघून यायचे, मग बाकीची कामं. शेवटी त्यांनी ती घेतली. पैसे त्यांच्या साठवणीचे होते, त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

आणायला मला सोबत नेलं. आत बसले तर सतरंजीवर बसल्यासारखं वाटलं, पाय पुढं लांब आणि रस्ता नाकासमोर. लोह्याच्या अलीकडं पहिल्या गतिरोधकावरच गाडीचं पोट करकर घासलं. मालकांनी दात असे आवळले, जणू त्यांचंच पोट घासलं. नंतर प्रत्येक गतिरोधकाला ते मला खाली उतरवायचे, गाडी तिरकी घालून पलीकडं न्यायचे आणि मी पदर सावरत मागून पळत जायची. अहमदपूरला चहाला थांबलो तर गाडीभोवती माणसं जमली.

“मामा, हिच्यात ऊस किती बसंल?” एकानं विचारलं.

“ऊस न्हाई, तू बस. पाय कापून बसावं लागंल,” मालक म्हणाले.

एक म्हातारे वाकून आत बघत होते. म्हणाले, “बसणं ठीक हाय, पर उठायचं कसं?”

“उठायचंच न्हाई बाबा. आता कामून उठायचं?”

सगळे हसले. मीसुद्धा हसले. पुन्हा रस्त्याला लागल्यावर मालक स्टेअरिंगवर हात फिरवून म्हणाले, “लोकाची न्हवं आता. आपली गाडी हाय. आपली.” हा शब्द ते लातूर येईपर्यंत म्हणत राहिले. प्रत्येक वेळी मला वाटायचं, त्या शब्दात मीही आहे.

घरी आल्यावर ती कुठं उभी करायची हा प्रश्न आला.

“उन्हात रंग उडंल,” ते म्हणाले. “आपली गाडी हाय, अशी रस्त्यावर टाकायची का?”

“मग?”

“पुढची खोली हाय की.”

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं त्यांना कळतं. जवळ येऊन म्हणाले, “अगं, तुझ्याच सोईचं हाय. हिला रोज चालवायच्या लायक करून घेऊ. मग तुला शिकवतो. ब्लाउजचं गाठोडं काखेत मारून रिक्षाची वाट बघत उभी ऱ्हातीस. उद्या गंजगोलाईच्या बाजारात गाडीतनं उतरशील.”

साडीच्या दुकानासमोर मी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी तोंडावर पदर धरून हसले आणि हो म्हणाले.

मशीन स्वयंपाकघराच्या बोळात गेलं. तिथं दिवसासुद्धा बल्ब लावावा लागतो आणि काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. बायकांना माप द्यायला आत यायचं तर गाडी आणि भिंत यांच्यामधून अंग चोरून यावं लागायचं. शेजारची अंगानं भरलेली बाई एकदा मधेच अडकली. म्हणाली, “तुझ्याकडं ब्लाउज शिवायचा तर आधी बारीक व्हावं लागंल गं बाई.” पुढच्या वेळी ती आली नाही. इतर काही जणीही येईनाशा झाल्या. मी मनाला समजावलं, थोडे दिवस आहेत. गाडी हाती आली की मीच त्यांच्या दारात जाईन.

त्या दिवसांत मी खूश होते, खोटं कशाला सांगू?

गाडीच्या सीटचं कातडं फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. बाजारातली तयार कव्हरं त्या आकाराला बसेनात. ती सीट कमरेला आत आणि खांद्याला बाहेर, अगदी बाईच्या अंगासारखी. मालक म्हणाले, “तूच बघ काही जमतंय का.” मी जुन्या वर्तमानपत्रांचे कागद सीटवर लावून माप काढलं, जसं कटोरी ब्लाउजचं काढतात. रेक्झिन उन्हात अंगाला चटके देतं, म्हणून जाड सुती कापड घेतलं आणि कडेनं लाल पायपिंग घातली. पाठीला घाम येतो तिथं कापड दुहेरी केलं. माझ्यासाठी एक वेगळी गादी केली, कारण त्या सीटवर बसून मला बोनेटच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. पहिलं कव्हर चढवून मालकांनी सीटवर थाप मारली. “कंपनीला जमणार न्हाई असं,” ते म्हणाले.

रविवारी ते मला गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या मोकळ्या जागेत घेऊन गेले.

“क्लच सोड. हळू. अगं हळू म्हनलं ना!”

गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चरणाऱ्या शेळ्यांनी मान वर करून पाहिलं. पुन्हा बंद पडली. मग कधीतरी पायाला ते कळलं, आणि गाडी सरकली, सरकत राहिली. प्लॉटांच्या खुणेच्या पांढऱ्या दगडांच्या कडेनं मी पूर्ण फेरी मारली. मालक ओरडत होते, “जमलं की! आता गेर बदल!”  माझे डोळे भरून आले होते, पण दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, पुसता येत नव्हते. पुढच्या रविवारीही गेलो. त्यानंतर ते म्हणाले, रस्त्यावर नंतर, आधी गाडी उंच करून घेऊ.

मधेच एकदा ते रेडियमच्या दुकानात मागच्या काचेवर काही लिहून घ्यायला गेले. मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, “काय टाकू? आईचा आशीर्वाद? पोरांची नावं?” मालक माझ्याकडं वळले. “सांग, काय लिहायचं?” अनोळखी माणसासमोर मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी खाली बघून म्हणाले, “आपली.”

“काय?”

“आपली. तेवढंच.”

मालकांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं हसले. “टाक बाबा. आपली. झकास.” पांढऱ्या अक्षरांत ते काचेवर बसलं. मी चौथी शिकलेली, शब्द वाचायला मला वेळ लागतो, पण तो मी येता-जाता वाचायची.

गाडी उंच करायला आणि तिचा फटफट वाजणारा सायलेन्सर बदलायला पुन्हा नांदेडला गेलो. गॅरेजमधलं काम दुपारपर्यंत चाललं. मागच्या सीटचं कव्हर मी सोबत आणलं होतं, ते चढवायचं राहिलं होतं. पुढची सीट दुमडून मी मागं शिरले आणि खाली वाकून हुक अडकवायला लागले. बोनेट वर केलेलं होतं. त्याच्या आड मालक आणि त्यांचा मित्र उभे होते. मी आत आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मित्र म्हणाला, “वहिनी चालवून राहिल्या म्हणं?”

“कुठलं रे. मैदानात दोन चकरा मारू दिल्या. खोली सोडंना, म्हणून शिकवतो म्हनलं होतं. बायामाणसाला काहीतरी दाखवावं लागतंय.”

“आन् मागं तर ‘आपली’ लिहून आणलंस.”

“तिनंच सांगितलं. तिला वाटलं, दोघांची.” मालक हसले. “मी म्हनलं, लिहू दे. आपली म्हणजे आपली. आपल्याला काय फरक पडतो?”

“लई बाराचा हाईस तू,” मित्र म्हणाला आणि तोही हसला. मग पाना पडल्याचा आवाज आला आणि ते सायलेन्सरबद्दल बोलू लागले.

मी तशीच वाकून राहिले. आमच्याकडं पुरुष माणूस ‘आपल्याला चालतंय’ म्हणतो तेव्हा तो एकट्याचंच बोलत असतो. भाजीवाला म्हणतो, आपला माल एक नंबर. त्यात गिऱ्हाईक नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, जन्मभर कानावर आहे. फक्त मालकांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी त्यात दोघांना धरलं. माझी समज चुकली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मला काय वाटलं ते त्यांना कळलं होतं. रेडियमच्या दुकानातच कळलं होतं. कळूनही त्यांनी मला तसंच वाटू दिलं, आणि माझी खोली अडवून ठेवली.

मान वर केली तर समोर मागची काच होती. आतून ती अक्षरं उलटी दिसत होती, मला काही वाचता येईनात.

“झालं का गं?” बाहेरून मालकांनी विचारलं. मी आत आहे हे त्यांना आता आठवलं असावं.

“हो,” मी म्हणाले आणि शेवटचा हुक अडकवला.

येताना गाडी एकाही गतिरोधकावर घासली नाही. मालकांना आनंद झाला होता. “बघ कशी गेली! बघितलंस?” मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते, मी शिवलेल्या कापडावर. अहमदपूरला त्यांनी माझ्यासाठी पेरू घेतले, मीठ-तिखट लावून.

“गप्प का आज?”

“मी कधी बोलते?”

“तेही खरंच हाय,” म्हणाले आणि हसले. पेरूची फोड मी हातातच धरून ठेवली.

त्यानंतर मी रोज बोळात बसून शिवायची. सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं, ते उजेड कमी म्हणून की कशानं, हे मी पाहत बसले नाही. मग एक दिवस मालक गाडी घेऊन रेणापूरला एका ओळखीच्यांच्या साखरपुड्याला गेले. त्यांना तिथं गाडी दाखवायची होती. ते गेले आणि मी रिकाम्या खोलीत उभी राहिले. फरशीवर तेलाचा डाग होता. मी शेजारच्या त्या बाईला हाक मारली. माझ्या आवाजानं तीही दचकली.

“मशीन उचलायचंय,” मी म्हणाले.

ती काही विचारत बसली नाही. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. मशीन जड निघालं. डागावर मी सतरंजी टाकली आणि शटर अर्धं वर केलं.

संध्याकाळी दारात हॉर्न वाजला. मी काज करत होते, उठले नाही. पुन्हा वाजला. मग मालक खाली उतरून शटरखालून वाकून आत आले.

“हे काय?”

“मशीन.”

“ते दिसतंय. गाडी कुठं लावू?”

“बाहेर.”

“येडी झालीस का? कुणी काय भरवलं तुला?”

मी सुई कापडात खोवली. म्हणाले, “नांदेडला मी मागच्या सीटवर होते. हुक लावत होते.”

त्यांना आठवायला वेळ लागला. आठवलं ते चेहऱ्यावर दिसलं. “अगं, ते गमतीत. दोस्तासमोर माणूस काय बोलणार? एका शब्दावरून एवढं?”

“शब्दावरून नाही. मला काय वाटलं, ते तुम्हाला माहीत होतं.”

एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर लग्नापासून बोलले नसेन.  ते हात-पाय धुवायला आत गेले.

गाडी आता रस्त्यावर कडुलिंबाखाली असते. बायका हळूहळू परत येऊ लागल्या आहेत, सगळ्या नाही. मालक घरात नीट वागतात, जेवताना वाढलेलं मुकाट खातात. मध्यंतरी म्हणाले, “पाखरं लई घाण करतात गाडीवर. एक मोठं कव्हर शिवून दे की.” मी म्हणाले, बाजारात तयार मिळतं. त्यांनी आणलं. ते ढगळ आहे, वारा सुटला की फडफडतं.

गेल्या रविवारी ते चावी घेऊन शटरपाशी आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “चल. आज रस्त्यावर शिकवतो. खरंच.”

माझा पाय मशीनच्या पायडलवर होता. मला जायचं होतं. ते पांढरे दगड, ती सरकणारी गाडी, सगळं एकदम छातीशी आलं. ते खरंच शिकवणार होते, असंही वाटलं. पण त्यांच्या ‘खरंच’वर पाय कसा ठेवायचा, हे मला कळेना.

“ब्लाउज द्यायचे आहेत,” मी म्हणाले.

खरंच द्यायचे होते. ते एकटेच गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचा आवाज येत होता. मग मी खाली बघून शिलाई पुढं घेतली.