माशाच्या दगडावरचा झरा

दगडाबाईच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं तिचं नाव दगडाबाई ठेवलं. ती जगली, आणि साठी उलटली तरी लिंबागणेशपलीकडच्या डोंगरात मेंढरं राखते. या मेंढरांचा उन्हाळा एका झऱ्यावर निघायचा. झऱ्याखाली काळ्या दगडाचा थर होता. त्याचा पापुद्रा सोडवला की आत कधी शिंपला, कधी बोटाएवढा मासा उमटलेला दिसायचा. पावसाळ्यात सरपण ओलं झालं की बाई तेच पापुद्रे चुलीत सारायची. धुराला रॉकेलचा वास यायचा.

हा वास पुढारी अर्जुनरावांच्या पुतण्याला, पप्पूला, आला आणि गावाची अक्कल चरायला गेली. पेटत्या दगडाचा व्हिडिओ घरोघर फिरला. डोंगरात तेल हाय! कुणा जाणत्याला विचारावं? छे! विचारणं अर्जुनरावांच्या रक्तातच नाही. नारळ फुटला, पेढे वाटले, पोकलेन आलं.

दगडाबाई मशीनपुढं उभी राहिली. "हितं कावून खांदता? माझी मेंढरं कुठं पाजू?"

"टँकर लावून देतो की मावशी," अर्जुनराव म्हणाले. "तेल निघाल्यावर पाण्याला काय तोटा?"

सगळे हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

थर आरपार फुटला. त्याच्यावर अडलेलं पाणी खाली उतरलं आणि आठवड्यात झरा आटला. मग वरातीमागून घोडं, विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमना बोलावलं.

"हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ आहे," मॅडम म्हणाल्या. "वर लाव्हा पसरला, गाळाचा दगड झाला. जळतो खरा, पण यातून तेल काढणं परवडणार नाही. खणण्याआधी का नाही विचारलंत?"

पोकलेन निघून गेलं. टँकर आलाच नाही.

दगडाबाईनं अख्खा कळप अर्जुनरावांच्या अंगणात घातला आणि हौदावर पाजला. अर्जुनराव ओरडत बाहेर आले. बाईनं माशाचा दगड त्यांच्या ओट्यावर आपटला.

"साडेसहा कोटी वर्सांचा हाय म्हनं हा. ह्याच्या पाठीवर माझं पानी टिकलं. तुज्या हाती आठ दिस न्हाई टिकलं! टँकर न्हाई आला, म्हून मीच आले. उंद्याबी येनार."

आता मेंढरं रोज तिथंच पितात. त्यांना हाकलायची अर्जुनरावांची छाती होत नाही. झरा मात्र परत आला नाही.