सागवानी मणके आणि पिवळे दोरे

…तर संपादक काकांचं म्हणणं एवढंच, की ‘हेवा’ हा शब्द काढ आणि तिथं ‘आदर’ टाक, गौरवग्रंथ आहे. मी म्हणालो, काका, आदर तर सगळेच लिहिणार. मला इंगोले सरांबद्दल वाटतो तो हेवाच आहे, आणि सरांच्या पंच्याहत्तरीला मी खोटं कशाला लिहू?

डॉ. इंगोले सरांनी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली आणि रिटायर होऊन ते हिंगोलीला परत आले. रविवारी त्यांच्या घरी पुढच्या खोलीत आम्हा नव्या पोरापोरींचा वर्ग भरतो. पाठीचे पेशंटही तिथंच येतात. मी सेनगावचा फिजिओथेरपिस्ट. इंग्लिश मीडियमचा, त्यामुळं मणक्यांची नावं तोंडपाठ, पण पेशंटला मराठीत सांगायचं म्हटलं की जीभ अडखळते.

सरांची पहिली भेट त्याच खोलीतली. सिद्धेश्वर धरणावर मासेमारी करणारे गणपतमामा आले होते. कमरेपासून पायात कळ यायची, जाळं फेकता येईना. सरांचा नियम असा, की आधी पाय बघायचा, मग एमआरआय. मी उत्साहात फिल्मच उजेडाला धरली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. मी जाहीर केलं, चौथी नस दबली. शेजारी शिरड शहापूरची सुजाता बसली होती, ती पण फिजिओच. तिनं फिल्मकडं पाहिलंसुद्धा नाही. मामांना म्हणाली, पायाचा अंगठा वर करा. अंगठा नीट उचलेना. “पाचवी,” ती म्हणाली.

सर मला रागावले नाहीत. “चौथी नस त्या गादीच्या वरच बाहेर पडली, बाबा. सेनगावला उतरलेल्या माणसाला हिंगोलीच्या स्टँडवर धक्का कसा लागंल? धक्का लागतो तो अजून जीपमधी बसलेल्याला, म्हंजे पाचवीला.”

सगळे हसले. सुजाता जरा जास्तच हसली. हे उदाहरण मला काहून सुचलं नसावं, ह्याचीच चिडचिड घेऊन मी घरी आलो.

त्याच दिवशी सरांनी बॉलपेन घेतला आणि मामांच्या पायावर कुल्ल्यापासून नडगीच्या बाजूनं अंगठ्यापर्यंत रेघ ओढली. व्यायाम दाखवले. म्हणाले, कळ जिथपर्यंत येईल तेवढीच रेघ ठेवायची, खालून कमी झाली की खालून पुसायची. फिकी पडली तर मामींनी गिरवायची. पण अंगठा आणखी ढिला पडला किंवा लघवीला तकलीफ झाली, तर रेघ बघत बसायचं न्हाई, लगेच निघायचं. पुढं मामा आले तेव्हा रेघ गुडघ्याच्या वर होती आणि अंगठाही उचलत होता. मामी म्हणाल्या, “सर, एवढ्या वेळा तर मी आमच्या अंगणात रांगोळीला बी हात लावला न्हाई.” माझ्या क्लिनिकमध्ये नसांचा मोठा रंगीत इंग्लिश चार्ट आहे. त्याच्याकडं एकही पेशंट मान वर करून बघत नाही.

आता खरी गोष्ट. सरांकडं सागवानी मणक्यांची एक माळ आहे, सुताराला शेजारी बसवून करून घेतलेली. मणक्यामणक्यातून पिवळे दोरे निघतात, त्या नसा. ते इंगोले काकूंनी ओवलेत. ती माळ हातात घेऊन शिकवायचं, म्हणजे सरांचा वारस. हल्ली सरांचा हात थरथरतो. ह्या उन्हाळ्यात ते म्हणाले, आता माळ देऊन टाकतो. ती मला मिळावी म्हणून मी महिनाभर सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालत होतो. सुजाता उशिरा यायची आणि तरी पुढं बसायची.

त्या रविवारी सरांनी दोरे सोडवले. मणके सुजाताला दिले, दोऱ्यांचा गुंडा मला.

मी म्हणालो, सर, हे बराबर न्हाई.

“काहून?”

“तिला माळ, मला नुसते दोरे?”

सर शांतपणे म्हणाले, “गणपतमामाच्या अंगठ्यापर्यंत कळ कोणी नेली होती रे लेकरा? मणक्यानं?”

मी सुजाताकडं पाहिलं. तिच्या हातातल्या मणक्यांना भोकं होती आणि भोकांत काहीच नव्हतं.

तेव्हापासून रविवारी ती मणके आणते, मी दोरे. ओवल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही, आणि ओवताना कोणता दोरा कुठून, ह्यावर आमचं भांडण ठरलेलं. सर खुर्चीत बसून ऐकतात. पंच्याहत्तरीतही त्यांची पाठ खुर्चीला टेकत नाही, ह्याचाही मला हेवा वाटतो. सरांनी शंभरी बघावी, पाठ अशीच ताठ राहावी, आणि आम्ही चुकलो की खुर्चीतून “आधी पाय बघ” असं ऐकू येत राहावं.

सुजाता अजून म्हणते, मोठा वाटा तिचाच. सर निकाल देत नाहीत, नुसते हसतात. म्हणून तुम्हालाच विचारतो, सरांनी जास्त कोणाला दिलं, तिला का मला?