डबीतली ठकी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात; मावशींचं दोन पिशव्यांत असे. एकीत कपडे, दुसरीत औषधांची पेटी, पावडरचा डबा, स्वतःचं ताट-वाटी आणि एक शाल. आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या बाईला स्वतःचं घर मांडून परवडत नाही. रात्रंदिवस लोकांच्या घरात राहायचं, तिथलं माणूस बरं झालं की निघायचं, आणि नाही झालं तरी निघायचंच. सतरा वर्षांत मावशींनी अशी एकोणीस घरं केली होती. नाव त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी 'अहो बाई' आणि तिसऱ्या दिवसापासून 'मावशी'.

दुसऱ्या पिशवीच्या तळाशी, चष्म्याच्या जुन्या घरात, बोटभर लांबीची एक काळी डबी होती. दिसायला काडेपेटीची थोरली बहीण, पण होता तो अख्खा कॉम्प्युटर. टीव्हीच्या मागच्या खाचेत खोचायचा, विजेची वायर लावायची, तळहाताएवढा कीबोर्ड मांडीवर घ्यायचा, की कुणाचाही टीव्ही तेवढ्यापुरता आपला होई.

ही डबी त्यांच्या मुलीने आणली होती. नवरा पोरगी सात वर्षांची असताना गेला, तेव्हापासून मावशी या कामात, आणि पोरगी आत्याकडे वाढली. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून तिला सगळे ठकी म्हणत. मोठी झाल्यावर ती कॉम्प्युटरच्या दुकानात लागली आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ही वस्तू घेऊन आईसमोर उभी राहिली.

"आई, तू कुठे असतेस, कुणाच्या घरी, मला काही कळत नाही. हे जवळ ठेव. टीव्ही दिसला की लाव. आपलं सगळं यात घातलंय."

"मला मेलीला कुठे येतंय ते?"

"येईल. मी शिकवते ना."

पण शिकवायला दोघींना एक दिवस मोकळा सापडेना. म्हणून ठकीने धडेच चित्रित करून डबीत भरून दिले. धडा पहिला, चालू कसं करायचं. धडा दुसरा, फोटो कसे बघायचे. चौथ्या धड्यात कुणाचं तरी मांजर कीबोर्डवरून चालत जातं आणि ठकी हसत सुटते ती धडा संपेपर्यंत. सातवा धडा एकमेकींचे चेहरे बघत बोलायचं कसं, याचा. तो अर्ध्यावर आला असताना तिला आतून कुणी तरी हाक मारतं. ती मागे वळून "आले" म्हणते आणि पुन्हा आईकडे बघते. "उरलेलं रविवारी सांगते हं."

त्या रविवारी ठकी तापाने फणफणली होती. गुरुवारी गेली. एकवीस वर्षांची होती.

त्यानंतर मावशींनी डबी लावली नाही. चष्म्याचं घर मात्र दर वेळी पिशवीत जाई, जसं ताट-वाटी जाई तसं. अशी तीन वर्षं गेली.

विसावं घर लिफ्टवाल्या आजोबांचं. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींमधून लिफ्ट बसवल्या होत्या. जन्मभर लोकांना वरखाली केलं आणि आता स्वतःला पलंगावरून खुर्चीत यायचं तर दुसऱ्याचे हात लागत. अंगापेक्षा डोकं जास्त थकलं होतं. आठवणींना वाळवी लागली होती. वरून माणूस धड दिसे, आत हात घातला की भुगा. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, ते त्यांना कधी ठाऊक असे, कधी नसे. घरात मुलगा आणि सून. मावशी त्यांना दादा आणि वहिनी म्हणत. दादा विमा कंपनीच्या कचेरीत, वहिनी शाळेत. आठ वाजता दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात मावशी आणि आजोबा, दोघंच.

सकाळ बरी जाई. दुपारी दोनच्या सुमाराला आजोबांना काय व्हायचं कोण जाणे. पलंगाच्या कठड्याचे बोल्ट ते नखांनी फिरवू लागत. "पाना कुठाय? पाना दे." बोटांतून रक्त आलं तरी थांबत नसत. बातम्या लावल्या तर आवाजाने घाबरत, गाणी लावली तर उशीत तोंड खुपसत. अशाच एका दुपारी, बोटांना पट्ट्या बांधून झाल्यावर, मावशींनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं. का काढलं, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. कदाचित दुपार त्यांनाही सोसत नसेल.

टीव्हीवर ठकी आली. "आई, नीट बघ हं. आधी हे हिरवं बटण."

आजोबांचे हात कठड्यावरून सुटले.

"हिरवं," ते म्हणाले.

'पाना' सोडला तर आठवडाभरात त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला स्वच्छ शब्द होता.

मग रोजचंच झालं. जेवण, औषध, कूस बदलून पाठीला पावडर, आणि मग ठकी. धडे संपले की फोटो. एका फोटोत सहा-सात वर्षांची ठकी सायकलवर बसली होती, गुडघ्याला पट्टी, आणि मागून तिच्या बापाने सीट धरून ठेवली होती.

"हा मी," आजोबा म्हणाले.

"नाही हो आजोबा. ही आमची ठकी, आणि मागे आमचे हे."

"मीच. मी शिकवली हिला. पडली, गुडघा फोडून घेतलान्. रडली नाही पण."

खरंच रडली नव्हती ती. मावशी दोन दिवस त्यांची चूक सुधारत राहिल्या, तिसऱ्या दिवशी गप्प बसल्या. माणूस जेवत होता, बोटं शाबूत होती, दुपारभर शांत होता. आणखी काय हवं?

पंधराएक दिवसांनी, मावशी त्यांना चमच्याने सूप भरवत असताना, आजोबांनी दाराकडे बघून विचारलं, "ठकी आली का गं?"

चमचा तोंडाशीच थांबला. तीन वर्षांत सगळ्यांनी ठकीबद्दल विचारलं होतं ते ती गेली असं धरून. कसं झालं, केव्हा झालं, अरेरे. आली का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"नाही अजून," मावशी म्हणाल्या.

"कधी येणार?"

"रविवारी."

सूप संपवलं, तोंड पुसलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

खोटं बोलायची चटक लागते म्हणतात. ही चटक गोड होती, आणि गोडच जास्त बाधतं. रोज नवं काही तरी त्या सांगू लागल्या. आज दुकानात माल आलाय, उशीर होईल. आज नव्या चपला घेतल्यात, टाचेला लागतायत. चोविसाव्या वर्षी ठकी जशी असती तशी ती त्या दुपारच्या खोलीत वाढू लागली. आजोबा मन लावून ऐकत आणि वर सल्ला देत, "टाचेला कापूस लाव म्हणावं." दादा-वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. बाबा शांत झालेत एवढंच ते बघत आणि दिसेल त्याला मावशींचं कौतुक सांगत.

एक दिवस दादा अर्धी रजा काढून दुपारी घरी आले. जुने फोटो त्यांनी मोठे करून आणले होते. मुंजीतले नाहीत की लग्नातले नाहीत, साधे घरातले फोटो. त्यांनी एक एक आजोबांच्या हातात दिला.

"बाबा, हा कोण?"

आजोबांनी फोटो उलटसुलट केला. "कोण?"

"मी आहे. हे तुमचं हत्यारांचं खोकं, त्यात मी बसलोय. तुम्हीच बसवलं होतंत."

"असेल," आजोबा सौजन्याने म्हणाले. परक्या माणसाला दुखवू नये तसे. मग जरा वाट बघून म्हणाले, "ठकीला बोलवा ना. तिचा सायकलचा फोटो आहे, तो दाखवतो तुम्हांला."

दादांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी पदराला हात पुसले आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

दादा आवाज न चढवता बोलले. चढवला असता तर बरं, असं मावशींना वाटलं.

"म्हणजे तुमची मुलगी नाहीये. आणि तुम्ही रोज यांना सांगता ती येतेय म्हणून."

"हो."

"माझ्या वडिलांना मी आठवत नाही, मावशी. आणि तुमची मुलगी आठवते. तिच्या गुडघ्याची पट्टीसुद्धा आठवते."

"चुकलं माझं, दादा."

"काढा ते."

मावशींनी डबी काढली. टीव्ही काळा झाला. दादा पलंगाशी बसले, आजोबांचा हात हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, ठकी नाही. ती वारली. तीन वर्षं झाली."

आजोबा बघत राहिले.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला कसं कुणी सांगितलं नाही?"

भिंतीकडे तोंड करून ते रडले, संध्याकाळपर्यंत रडले. जेवले नाहीत. सकाळी उठले ते सगळं विसरून, आणि विचारलं, "ठकी आली का?" दादा कचेरीत गेले नव्हते. खरं सांगितलंच पाहिजे, आज ना उद्या रुजेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी पुन्हा सांगितलं. आजोबांना ते पुन्हा पहिल्यांदाच कळलं. बाजूला उभ्या राहून मावशींनीही ती बातमी दुसऱ्यांदा ऐकली, आणि आपलंच माणूस आपल्यादेखत पुन्हा पुन्हा मारलं जातंय, असं त्यांना झालं. पण तोंड उघडायला त्यांना जागा उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दारातच दादांना अडवलं. "पुरे करा," एवढंच म्हणाल्या.

आत आजोबा दाराकडे डोळे लावून होते. "ठकी आली का हो?"

दादा पलंगाशी जाऊन बसले. मावशींना वाटलं, आता पुन्हा. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"येईल, बाबा," दादा म्हणाले. "रविवारी येईल."

मग मावशींजवळ येऊन, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "लावा ती डबी. आणि मलाही सांगा काय काय आहे त्यात. मी काही चुकीचं बोलायला नको."

त्या दुपारी दादांनी सातही धडे पाहिले. पुढे कचेरीतून आले की कपडे बदलायच्या आधी ते वडिलांशी बसू लागले. ठकीचा निरोप आणलाय, म्हणत. आजोबांना ते आवडू लागले. मुलगा म्हणून नाही. ठकीची खबर आणणारा एक भला माणूस म्हणून. "बसा हो," आजोबा म्हणत, "दमला असाल." दादा बसत. हसत. एकदा हात धुवायला म्हणून आत गेले आणि नळ नुसताच वाहत राहिला, तो वहिनींनी जाऊन बंद केला.

अडीच महिने असे गेले. मग आजोबांच्या छातीत कफ धरला. डॉक्टर आले, वाफ झाली, इंजेक्शनं झाली. एका बुधवारी सकाळी, मावशी कूस बदलत असताना, त्यांनी श्वास सोडला तो परत घेतला नाही. मावशींनी डोळे मिटवले, हनुवटीला फडकं बांधलं आणि दादांना हाक मारली. एकोणीस घरांत अनेकदा केलेलं काम. पण या वेळी त्या खाली बसल्या, त्यांना उठवेना. वहिनींना वाटलं, म्हाताऱ्याचा लळा लागला होता. तोही होताच. पण ठकी कुठे पोचली, कशाला उशीर झाला, हे विचारणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याच्या तोंडावरून आता चादर ओढली होती.

आठव्या दिवशी मावशी निघाल्या. दोन्ही पिशव्या दादांनी उचलल्या, बसथांब्यापर्यंत आले आणि बाकावर शेजारी बसले.

"मी रागावलो होतो तुमच्यावर," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, अजून थोडा आहे राग."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "मलाही आहे माझ्यावर."

बस आली. दोघं उठली नाहीत.

"तिला झालं काय होतं?"

मावशींनी सांगितलं. रविवारी आत्याचा फोन आला तेव्हा त्या एका म्हातारीकडे होत्या. तिची माणसं परगावी गेली होती, बदली बाई मिळत नव्हती. ताप तर आहे, त्या म्हणाल्या, येते उद्या. सोमवारीही बाई मिळाली नाही. म्हातारीला एकटीला टाकून कसं जायचं? बुधवारी दुपारी त्या पोचल्या तेव्हा ठकी कुणाला ओळखत नव्हती.

"लोकांची आई सांभाळली मी," मावशी म्हणाल्या. "नीट सांभाळली. तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही."

दुसरी बस आली, गेली. तिसरीत त्यांनी पिशव्या चढवून दिल्या. "येत जा मावशी," म्हणाले. मावशी "हो" म्हणाल्या. त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत; दादांचाही फोन आला नाही.

एकविसावं घर मांडीचं हाड मोडलेल्या एका बाईंचं. चाळिशीच्या, बोलक्या, दोन महिन्यांत चालू लागणाऱ्या. खोलीत भिंतभर टीव्ही होता. पहिल्याच दिवशी, मावशी त्यांच्या पाठीशी उशी सारत असताना, बाईंनी विचारलं, "मावशी, तुम्हांला मुलंबाळं?"

"एक मुलगी होती," मावशी म्हणाल्या, आणि उशी नीट बसली की नाही ते हाताने चाचपून बघितलं.