निवडुंगातली तित्तिरं आणि आमचे दाजी

दाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा सालगडी किसन देवळाली कॅम्पातल्या माझ्या दुकानात आला, तेव्हा मी एका गोऱ्या शिपायाला बिस्किटांचे डबे दाखवत होतो. "शेठ, मालक गेले... सकाळी उठलेच नाय," एवढंच तो बोलला. मी उठलो, दुकानाला कुलूप ठोकलं आणि धावत सुटलो. शिपाई आतच राहिला! शेजारच्या शिंप्यानं बोंब मारली म्हणून परत फिरलो. दाजी असते तर म्हणाले असते, "जन्मात एक गोरा कोंडलास, तोही सोडून दिलास."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. दारणेकाठी त्यांचं शेत. कुणाला चांगलं म्हणायचं तर या माणसाच्या पोटात दुखायचं. मोर म्हणजे तमाशातला नाच्या, पोपट म्हणजे मामलेदाराचा कारकून, आणि मी म्हणजे साहेबाच्या बुटाची नाडी. चांगलं म्हणायचे ते एका तित्तिराला. शेताच्या कडेनं पुरुषभर निवडुंग माजला होता. उंदीर होतात, काढा, म्हणून शेजारी कटकट करत. दाजी काढत नसत, कारण त्यात तित्तिरांचे संसार होते. पहाटे नर ओरडू लागला की मादी त्यात आपला सूर मिसळी. "मौलवीला ह्यात अल्लाची स्तुती ऐकू येते," दाजी म्हणत, "मला स्वच्छ ऐकू येतं... चालते व्हा, चालते व्हा." दिवसभर वाळवी उकरायची, बांधावरच्या धुळीत लोळायचं, दिवेलागणीला बाभळीवर चढून झोपायचं. पंख असून उडायची हौस नाही. संकट आलं की पळायचं, अगदी अंगावर आलं तरच उडायचं. "उगाच उडून दाखवत नाही, म्हणून टिकतो तो," दाजी मला सुनवायचे. "तुझं नेमकं उलटं."

उलटं होतंच. मेसच्या सामानाचा मक्ता मला हवा होता, आणि तो ज्या मेजरच्या हातात होता, त्याला तित्तिराच्या शिकारीचं वेड. एका फाल्गुनात, दाजींना न विचारता, मी त्याला थेट त्यांच्या बांधावर नेऊन उभा केला. दाजींनी आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बुटांना जास्त मान मिळाला.

"विचार साहेबाला," ते म्हणाले, "जमिनीवरचा पक्षी मारणं त्यांच्यात हलकटपणाचं समजतात ना?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. साहेब ताठ होऊन म्हणाला, अर्थात. सभ्य माणूस उडत्या पक्ष्यावरच बार टाकतो.

"मग झालं तर. उडेल त्याला मार म्हणावं." आणि दाजी बांधावर पान लावत बसले.

तित्तिरं काही उडेनात. निवडुंगाच्या या तोंडानं आत, त्या तोंडानं बाहेर. मान ताठ, पाय तुरुतुरु, उसनं मागायला येणारा पाहुणा दिसल्यासारखी. साहेब बंदूक रोखी, पक्षी पळे, साहेबाचा सभ्यपणा आड येई. हाकारा करायला मी काठी घेऊन निवडुंगात शिरलो आणि त्यात चक्क बसकण मारली. ते काटे अक्कानं पुढे चिमट्यानं काढले. कुठले, हे वाचकांनी विचारू नये.

धडपडत उठलो तर पायाशी, वाळल्या गवतात, मादी. अंडी पोटाखाली घेऊन बसलेली, अंगावरच्या बारीक रेघा गवतात अशा मिसळलेल्या की तिचा डोळा लुकलुकला नसता तर दिसलीच नसती. ती हलली नाही. पाय आपटला असता तर उडालीच असती, आणि साहेब माझ्यामागे बंदूक भरून उभा. "एनिथिंग देअर?" त्यानं विचारलं. मक्ता माझ्यापासून एका लाथेवर होता... बांधावर दाजींचं पान चघळणं थांबलं होतं.

"नथिंग, सर," मी म्हणालो. "ओन्ली थॉर्न्स."

साहेब चरफडत गेला. मक्ता दुसऱ्याला मिळाला. दाजींनी शाबासकी दिली असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी दाजी पाहिलेच नाहीत. ते अक्काला म्हणाले, "भावाला वाढ तुझ्या. आज पहिल्यांदाच काही न करून उपयोगी पडला."

तेराव्याला अर्धा गाव जमला. जन्मभर दाजींना तिरसट म्हणणारे 'देवमाणूस, देवमाणूस' म्हणत डोळे पुसत होते आणि पुसता पुसता बुंदीच्या ढिगाचा अंदाज घेत होते. त्यातच दाजींचे चुलतभाऊ धोंडूतात्या, आंचवून, ढेकर देऊन म्हणाले, "वहिनी, तो निवडुंग आता जाळून टाकू. दादांच्या हट्टापायी राहिला. माणसं मी आणतो."

अक्का चारचौघांत कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. मी मध्ये पडणार, तोच तिनं तात्यांना पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं... घाई न करता, अगदी बेतानं.

"जाळा की, भावजी. फक्त आधी तुम्ही स्वतः आत शिरून बघा, कुणी अंड्यांवर बसलंय का. धोतर तेवढं इथं काढून ठेवा, चांगलं दिसतंय."

तात्यांनी धोतर सावरलं आणि चपला शोधू लागले. पंगतीत कुणी हसलं नाही. मीच हसलो.

निवडुंग उभा आहे. हल्ली ऊन कललं की अक्का बांधावर जाऊन बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक करून नापसंत करते. परवा माझी पाळी होती.