फरशीवरचे ओरखडे

टीव्हीसमोरच्या फरशीवर खुर्चीचे ओरखडे आहेत, सगळे डावीकडे जाणारे. आजारी पत्नीला पलंगावरून माझं लिखाण वाचता यावं म्हणून लेकीने संगणक या मोठ्या टीव्हीला जोडून दिला होता. मी मधोमध बसलो की पाठीमागून आवाज यायचा, "अहो, सरका जरा. तुमच्या डोक्याआड वाक्य गेलं माझं. लेखक दिसला नाही तरी चालेल!"

ती जाऊन वर्ष झालं. परवा लेक म्हणाली, "बाबा, आता मधोमध बसा की. मान आखडेल." बसून पाहिलं. सगळी अक्षरं समोर, स्वच्छ. पण ओळ सुचेना. पाठीमागे कुणीतरी वाचतंय, एवढ्यावरच बहुधा मी लिहीत आलो होतो.

लेक गेल्यावर मी खुर्ची पुन्हा डावीकडे ओढली.