सॅन मरिनोची बत्ती गेली

माझ्या पोलिसातल्या नोकरीत दरोडेखोर येऊन गेले, पुढारी येऊन गेले. त्यांतले निम्मे चेहरे विसरलो. पण लातूरजवळच्या मुरुडमध्ये पकडलेला युरोपचा राष्ट्रपती अजून डोळ्यांसमोर आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. दगड भिरकावला तर फिजिक्सच्या सरांनाच लागावा. अशाच एका क्लासच्या वरच्या मजल्यावर एका एजंटानं पाटी लावली: सॅन मरिनो सरकार, टेलिफोन खाते, भरती चालू. इटलीच्या पोटातला चिमुकला देश. एजंट सांगायचा, तिथं माणसंच इतकी कमी की सगळी सरकार चालवण्यात गुंतलेली, फोन उचलायला कुणी उरत नाही.

किल्लारीचा एक शेतकरी ठाण्यात आला. मेडिकलच्या पहिल्या यादीत मुलीचं नाव नव्हतं, म्हणून तिकडच्या नोकरीसाठी तिचा मूळ मार्कमेमो आणि टीसी त्यानं एजंटाकडे दिली होती. आता दुसऱ्या यादीत तिचा नांदेडला नंबर लागला होता. उद्या संध्याकाळपर्यंत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा गेली. एजंट म्हणे, कागद तिकडं सरकारजमा झाले.

“साहेब, भूकंपात घर पडलं, ते बांधलं. लेकीचं हे गेलं तर काय बांधू?”

मी फिर्याद घेतली आणि ठरवलं, कागद हातात आल्याशिवाय घरी जेवायला जायचं नाही.

शेजारच्या भूगोलाच्या सरांना विचारलं. त्या देशात एका वेळी दोन राष्ट्रप्रमुख, आणि तेही सहा महिन्यांनी बदलतात. आमचा एजंट मात्र वर्षभर सगळ्या पालकांना एकाच राष्ट्रपतीशी फोनवर बोलायला लावत होता. भामटा, यात शंका नाही. पण त्याला लगेच उचलला असता तर कागद चुलीत गेले असते. आधी ठिकाण हवं होतं.

मी धोतर-पटका चढवून मुलीचा मामा झालो. माझ्या मिशा तेव्हा अशा होत्या की दारातून आधी त्या जायच्या, मग मी. एजंटानं नंबर फिरवून रिसीव्हर हातात दिला. पलीकडे राष्ट्रपती, खणखणीत हिंदीत. “आप फिकर मत करो.” तेवढ्यात आमच्या डोक्यावरचा पंखा थांबला.

“साहेब, इधर लाईट गई,” मी सहज बोललो.

“हाव, इधर भी अभीच गई,” राष्ट्रपती म्हणाले.

मी मिशीचा केसही हलू दिला नाही. राष्ट्रपतींच्या मुलाबाळांची चौकशी केली, फोन ठेवला आणि थेट वीज मंडळाचं ऑफिस गाठलं. त्या वेळी लाईट गेली होती ती फक्त आमच्या भागात आणि मुरुडकडे.

आमचे जमादार म्हणाले, “साहेब, त्या एजंटाचा साडू मुरुडलाच हाय की. घरी फोन बी हाय.”

एजंटाला ठाण्यात आणून बसवला. वकील, हक्क, परराष्ट्र खातं, सगळं काढून झालं त्याचं. मी चहा मागवला. “राष्ट्रपती मुरुडला कधीपासून राहायला आले?” त्यानं कप खाली ठेवला आणि साडूच्या घराचा पत्ता सांगून टाकला.

मुरुडला राष्ट्रपती बनियनवर ज्वारी निवडत होते. कागद धान्याच्या कोठीत सापडले. पंचनामा झाला, पण जप्त मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. सकाळी मॅजिस्ट्रेटसाहेब खुर्चीत टेकायच्या आत मी अर्ज घेऊन समोर उभा. हुकूम घेतला, बापलेकीला जीपमध्ये घातलं आणि नांदेडपर्यंत जीप अशी हाणली की मैलाचे दगड घाबरून बाजूला सरकत होते. खिडकी बंद होता होता तिचा प्रवेश झाला.

मोठ्या प्रश्नांची उत्तरं खोटारडा माणूस पाठ करून येतो. साध्या बोलण्यात मात्र खरंच बोलून जातो, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

परवा तपासणीला गेलो होतो, त्याच मुलीकडे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, सिगारेट सोडली ना?”

“केव्हाच.”

तिनं मान डोलावली, काहीतरी लिहिलं. थोड्या वेळानं लाईट गेली.

“अरे देवा,” ती म्हणाली, “काका, काडेपेटी आहे का हो?”

मी खिशातून काढून दिली.