धाकलू पेंटरचं अक्षर

सापगावचा धाकलू पेंटर म्हणजे गरीब गाय. पण गाय लाथ मारते ती भांडं भरत आल्यावर. हे फ्लेक्सवाल्या दिपेशला कोणी सांगितलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी तरी कशाला सांगतोय!

चाळीस वर्षं धाकलूने शहापूर-मुरबाडच्या पाट्या रंगवल्या. तरुणपणी एका इंग्रजी पेपरच्या माथ्यावरची काळी, जाडजूड, कोन मोडलेली अक्षरं त्याच्या मनात भरली. चपट्या ब्रशने त्याने मराठीला तोच डगला चढवला. उभी रेघ कुऱ्हाडीने तासलेली, वेलांटी उधळलेल्या म्हशीच्या शिंगासारखी, अनुस्वार म्हणजे चौकटचा एक्का. म्हसा गावच्या जत्रेत पाळण्यावरचं नाव लांबून दिसलं की लोक म्हणायचे, "धाकलूचा हात." बायकोपेक्षा तो अक्षराला जपतो, असं त्याची बायकोच म्हणते. मी नुसतं पोहोचवतो.

दिपेशचं दुकान मुरबाडला. त्याने धाकलूच्या पाट्यांचे फोटो काढले, कम्प्युटरवर त्यांचा फॉन्ट बनवला आणि नाव ठेवलं 'दिपेश दणका'. हळद, बारसं, वाढदिवस, जिकडेतिकडे दणका!

धाकलू दुकानात गेला. "अक्षर माझं हाय रे. नाव तरी माझं लाव."

"काका, अक्षराला कुठं बाप असतो?" गिऱ्हाइकांसमोर दिपेश हसला. "तुमी आता घरी बसा."

धाकलू घरी बसला नाही. गावोगावच्या सरपंचांना म्हणाला, "फुकट रंगवून देतो." फुकटाला कोण नाही म्हणतंय? तीन महिन्यांत प्रत्येक मुतारीवर, उकिरड्याच्या भिंतीवर, स्मशानाच्या शेडवर तेच अक्षर, तेच शिंग, तोच एक्का: 'पुरुषांची मुतारी', 'येथे लघवी करू नये', 'स्मशानभूमी'. रंगही पदरचा. जन्मात इतकं देखणं काम त्याने केलं नव्हतं.

मी म्हटलं, "धाकलू, अक्षराची माती केलीस."

ब्रश पुसत तो म्हणाला, "माझं होतं तवर जपलं. आता त्याचं हाय ना?"

लग्नसराईत आमच्या शेजारच्या येसूबाईच्या लेकीची हळद आली. मांडवात दिपेशचा फ्लेक्स. मी आपलं सहज विचारलं, "येसूबाई, हे अक्षर कुठं बघितलंय गो?"

तिने मान वाकडी करून बघितलं आणि किंचाळली, "अगो बाय! बाजारामागची मुतारी! माझ्या लेकीच्या नावाला वास मारतोय!"

फ्लेक्स तिथल्या तिथे फाटला. बायका हसून लोळल्या. आठवड्याभरात लग्नघरं दिपेशला बजावू लागली, "काय पण छाप, मुतारीचं अक्षर नको."

दिपेश धाकलूच्या ओट्यावर आला. "चुकलो काका. फॉन्टला तुमचं नाव देतो. तेवढ्या भिंती पुसा."

धाकलूने त्याला चहा पाजला, वर बिस्किटंही दिली. मग म्हणाला, "छे रे, नाव तुझंच राहू दे. लोकांना अजून ठाऊक नाय, म्हणून उद्यापासून प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात घालतो: 'अक्षर दिपेशचे, मुरबाड.'"

घातलंय. स्मशानापासून सुरुवात केली.